पदवी एका वाटेने, जमीन दुसऱ्या वाटेने : डेव्हनशायरचे कॅव्हेंडिश घराणे

'ड्यूक ऑफ डेव्हनशायर' ही पदवी ऐकली की आपल्या मनात एक सरळ हिशेब होतो. डेव्हनशायर नावाचा मुलूख असणार आणि तो ज्यांच्या ताब्यात, ते तिथले ड्यूक. हा हिशेब इथे जुळत नाही. डेव्हनशायर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. या घराण्याचे मुख्य ठाणे चॅट्सवर्थ, ते मात्र तिथून सुमारे दोनशे मैलांवर, देशाच्या मध्यभागी डर्बीशायरमध्ये आहे. पदवी एका परगण्याची आणि जमीन दुसऱ्या परगण्यातली, अशी ही चार शतकांची रीत आहे.

वाचकहो, आपल्याला हे चमत्कारिक वाटते, कारण आपल्याकडे सरंजाम किंवा जहागीर म्हटले की ठरावीक गावांचे उत्पन्न आणि त्याबद्दलची चाकरी या दोन्ही गोष्टी एकाच सनदेत येत. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापर्यंत पदवी हा केवळ मानाचा दर्जा उरला होता. तिच्याबरोबर वरिष्ठ सभागृहात जागा मिळे, जमीन मिळेच असे नव्हते. जमीन ही वेगळी, खासगी मालमत्ता. त्यामुळे पदवीचा वारस ठरवणारे नियम वेगळे आणि जमिनीचा वारस ठरवणारे कागद वेगळे. इंग्लंडच्या कोणत्याही मोठ्या घराण्याचा इतिहास वाचताना हा भेद हाती असला की अर्धा गुंता सुटतो. कॅव्हेंडिश घराणे त्याचे चांगले उदाहरण आहे.

घराण्याचा पाया

या घराण्याचा पाया एका स्त्रीने घातला. एलिझाबेथ हार्डविक ही डर्बीशायरच्या बेताच्या ऐपतीच्या जमीनदाराची मुलगी. इतिहासात ती 'बेस ऑफ हार्डविक' म्हणून ओळखली जाते. तिची चार लग्ने झाली. दुसरे लग्न १५४७ मध्ये सर विल्यम कॅव्हेंडिश यांच्याशी झाले. आठव्या हेन्रीने धर्ममठ खालसा केले तेव्हा त्या कामावर असलेल्या सरकारी अधिकाऱ्यांपैकी हे एक. त्यांनी बायकोच्या माहेरच्या मुलखात जमीन घ्यायला सुरुवात केली आणि १५४९ मध्ये चॅट्सवर्थ ६०० पौंडांना विकत घेतले. बेसचा चौथा नवरा श्रुजबरीचा अर्ल होता. त्याच्या मृत्यूनंतर तिने जवळच हार्डविक हॉल बांधला. १६०८ मध्ये ती वारली तेव्हा इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत स्त्रियांत तिची गणना होत होती.

थोरल्या मुलावर तिची मर्जी नव्हती. तिची बहुतेक मिळकत दुसऱ्या मुलाकडे, विल्यमकडे, गेली. चॅट्सवर्थ थोरल्याच्या वाट्याचे होते, तेही विल्यमने भावाकडून विकत घेतले. राजा पहिला जेम्स त्या काळी पैसे घेऊन पदव्या देत असे. विल्यम १६०५ मध्ये बॅरन झाला आणि १६१८ मध्ये अर्ल ऑफ डेव्हनशायर. त्याच्या वंशातल्या चौथ्या अर्लने १६८८ मध्ये विल्यम ऑफ ऑरेंजला इंग्लंडवर येण्याचे निमंत्रण देणाऱ्या सात जणांच्या पत्रावर सही केली. त्या कामगिरीनंतर १६९४ मध्ये तो पहिला ड्यूक झाला.

'लॉर्ड' म्हणजे नेमके कोण?

इंग्लंडच्या सरदारांत पाच पायऱ्या आहेत : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. एकाच माणसाकडे यांतल्या अनेक पदव्या असू शकतात. डेव्हनशायरचा ड्यूक हा मार्क्विस ऑफ हार्टिंग्टनही असतो. त्याच्या हयातीत ही दुसरी पदवी थोरल्या मुलाला नुसती लावायला मिळते. धाकट्या मुलांच्या नावाआधी 'लॉर्ड' लागते. ही सौजन्याची बिरुदे आहेत. कायद्याच्या दृष्टीने बाप जिवंत असेपर्यंत थोरला मुलगाही सामान्य नागरिकच असतो.

याची दोन उदाहरणे आपल्या देशाच्या इतिहासात आहेत. १८८० ते १८८२ या काळात भारतमंत्री असलेले लॉर्ड हार्टिंग्टन हे सातव्या ड्यूकचे थोरले चिरंजीव. 'मार्क्विस' असूनही ते कनिष्ठ सभागृहात निवडून येत. १८९१ मध्ये वडील वारले, तेव्हाच ते आठवे ड्यूक होऊन वरिष्ठ सभागृहात गेले.

दुसरे उदाहरण लॉर्ड विल्यम बेंटिंक यांचे. सतीबंदीचा कायदा करणारे हे गव्हर्नर जनरल पोर्टलंडच्या ड्यूकचे दुसरे चिरंजीव होते. त्यांचे 'लॉर्ड' तेवढ्यापुरतेच. हिंदुस्थानातून परतल्यावर ते ग्लासगोचे प्रतिनिधी म्हणून कनिष्ठ सभागृहात बसले. त्यांची आई डोरोथी ही चौथ्या डेव्हनशायर ड्यूकची मुलगी, म्हणजे बेंटिंक हे कॅव्हेंडिशांचे नातू. शिवाय बेसच्या धाकट्या मुलाच्या पातीत न्यूकॅसलची ड्यूकगिरी आली होती. ती पाती १६९१ मध्ये पुरुषवारसाअभावी संपली आणि पदवी लोपली. वेलबेकची जमीन मात्र लोपली नाही. मुलगी, तिची मुलगी आणि पुन्हा तिची मुलगी असे करत ती पोर्टलंडच्या घरात पोचली. पदवी संपली तरी जमीन लेकींच्या वाटेने पुढे चालत राहते, ते असे.

रक्ताची वाट

१६९४ ची ड्यूकपदाची राजसनद पहिल्या ड्यूकच्या औरस पुत्रपरंपरेपुरती आहे. तिच्यात मुलीला जागा नाही, मुलीच्या मुलाला नाही आणि दत्तकालाही नाही. हा शेवटचा मुद्दा आपल्याला विशेष जाणवतो. ग्वाल्हेरला १८४३ मध्ये जयाजीराव आणि बडोद्याला १८७५ मध्ये सयाजीराव दत्तकाच्या वाटेनेच गादीवर आले. दत्तकाचे नाते हे आपल्याकडे पुत्राचे नाते. इंग्लंडमध्ये तर दत्तकविधानाचा कायदाच १९२६ मध्ये झाला आणि त्यानंतरही दत्तकाला सरदारकी मिळत नाही. तिथे औरस पुरुषवारस नसला की मागे जाऊन एखादी धाकटी पाती शोधायची. ती नसेल तर पदवी संपली.

डेव्हनशायरच्या घरात अशी वेळ १८५८ मध्ये आली. सहावा ड्यूक अविवाहित वारला. त्याला दोन बहिणी होत्या, पण ड्यूकपद गेले ते चुलत भावाच्या मुलाकडे. हाच सातवा ड्यूक. याच मृत्यूने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. चौथ्या ड्यूकने १७४८ मध्ये बर्लिंग्टनच्या अर्लची मुलगी शार्लट बॉइल हिच्याशी लग्न केले होते. तिच्याबरोबर यॉर्कशायरमधले बोल्टन ॲबी, लंडनजवळचे चिझिक हाउस आणि आयर्लंडमधला लिस्मोरचा किल्ला इतकी मिळकत आली. तिची स्वतःची क्लिफर्ड ही बॅरनची पदवी होती आणि ती मुलींकडे जाऊ शकणाऱ्या जुन्या प्रकारची होती. १८५८ मध्ये ही पदवी दोघी बहिणींमध्ये अडकून तहकूब राहिली. ड्यूकपद चुलत घरात गेले. शार्लटच्या माहेरची बोल्टन ॲबी आणि लिस्मोर ही मिळकत मात्र ड्यूकपदाबरोबरच राहिली. एका माणसाच्या मागे तीन गोष्टी आणि त्यांच्या वाटा निराळ्या.

कागदाची वाट

जमीन पदवीबरोबर ठेवायची तर कागद करावा लागे. मोठी घराणी त्यासाठी 'स्ट्रिक्ट सेटलमेंट' नावाचा करारनामा करत. त्याची रीत अशी. आजच्या मालकाला केवळ हयातीपुरता उपभोग, विकण्याचा हक्क नाही. त्याच्या पश्चात सगळी मिळकत थोरल्या मुलाकडे. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बापलेक मिळून करारनामा नव्याने करत आणि मुलगा स्वतःहून आपला हक्क पुन्हा हयातीपुरता करून घेई. बदल्यात त्याला लगेच वार्षिक नेमणूक मिळे. प्रत्येक पिढीत ही गाठ पुन्हा मारली जाई, म्हणून जमिनीचे तुकडे पडले नाहीत.

तुकडे न पडण्याची किंमत घरातल्याच इतरांनी भरली. धाकट्या मुलांना नेमणूक आणि मुलींना लग्नाची रक्कम, एवढाच त्यांचा वाटा. त्यांनी सैन्य, चर्च, संसद किंवा सरकारी नोकरी पाहावी. हेन्री कॅव्हेंडिश हा थोर शास्त्रज्ञ अशाच धाकट्या पातीतला, दुसऱ्या ड्यूकचा नातू. पृथ्वीची घनता मोजणारा त्याचा प्रयोग १७९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला कोणतीही सरदारकी नव्हती. केंब्रिजमध्ये १८७४ साली उभी राहिलेली कॅव्हेंडिश प्रयोगशाळा मात्र थोरल्या गादीच्या, सातव्या ड्यूकच्या देणगीतून झाली.

किंमत भरणारे घराबाहेरही होते. आयर्लंडमधल्या कुळांचा खंड समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये येई. सहाव्या ड्यूकने चॅट्सवर्थच्या खिडकीतून दिसणारे एडन्सर गाव बहुतांशी हलवून नजरेआड पुन्हा वसवले. याच ड्यूकच्या पदरी जोसेफ पॅक्स्टन हा माळी होता. पुढे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाचा काचेचा महाल त्यानेच उभारला. पॅक्स्टनने चॅट्सवर्थच्या काचघरात मॉरिशसमार्गे आलेली एक बुटकी केळ वाढवली आणि तिला मालकाच्या आडनावावरून कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. जळगावकडे पिढ्यान्‌पिढ्या लावलेली बसराई ही तीच बुटकी कॅव्हेंडिश. घराण्याचे नाव सर्वांत दूरवर पोचले ते या केळीबरोबर.

वाटा तुटल्या, तेव्हा

करारनाम्याने जमीन भाऊबंदांपासून राखली, सरकारपासून राखता आली नाही. १८९४ मध्ये मृत्युकर लागू झाला. सुरुवातीला सर्वांत मोठ्या मिळकतींवर तो शेकडा ८ होता. आपल्याकडे १९५३ ते १९८५ या काळात असा कर होता, तो ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. आठवे ड्यूक १९०८ मध्ये निपुत्रिक वारले आणि पुतण्या नववा ड्यूक झाला. त्याच्या काळात लंडनचे डेव्हनशायर हाउस विकले गेले, पॅक्स्टनचे मोठे काचघर १९२० मध्ये पाडले गेले आणि १९२९ मध्ये चिझिक हाउस स्थानिक शासनाकडे गेले.

खरा घाव पुढच्या पिढीत बसला. दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा विल्यम याने मे १९४४ मध्ये कॅथलीन केनेडीशी लग्न केले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांची ही बहीण. लग्नाला चार महिने झाले आणि विल्यम बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. मूलबाळ नव्हते. वारस म्हणून धाकटा भाऊ अँड्र्यू उभा राहिला. वडिलांनी १९४६ मध्ये मिळकत कुटुंबाच्या न्यासाकडे सोपवली. कायदा असा होता की देणारा त्यानंतर पाच वर्षे जगला तर त्या मिळकतीवर मृत्युकर नाही. १९५० च्या नोव्हेंबरात, मुदत पुरी व्हायला काही आठवडे उरले असताना, दहावे ड्यूक अचानक वारले. तेव्हा कराचा दर शेकडा ८० होता.

अकराव्या ड्यूकने तो कर वर्षानुवर्षे फेडला. हजारो एकर जमीन विकली. काही अमूल्य चित्रे आणि पुस्तके सरकारला दिली. बेसने बांधलेला हार्डविक हॉल कराच्या बदल्यात गेला आणि १९५९ मध्ये तो नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. चॅट्सवर्थ मात्र राखले आणि त्यासाठी मालकीची कल्पनाच बदलली. १९८१ मध्ये चॅट्सवर्थ हाउस ट्रस्ट हा सार्वजनिक न्यास स्थापन झाला आणि वाडा, बाग व भोवतालचे उपवन त्याच्याकडे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. तिकीट काढून येणाऱ्यांच्या पैशातून वाड्याची निगा होते आणि ड्यूकचे कुटुंब आपल्या राहत्या खोल्यांचे भाडे न्यासाला देते. २००४ पासून बारावे ड्यूक गादीवर आहेत. बोल्टन ॲबी आणि लिस्मोरही घराण्याकडे आहेत.

आता सुरुवातीचा भेद पुन्हा पाहा. ड्यूकपद १६९४ पासून आजवर अखंड आले, त्यासाठी कोणाला काही करावे लागले नाही. कुठल्या तरी पातीत पुरुषवारस असला की झाले. जमीन आणि वाडा यांचे तसे नाही. त्यांच्यासाठी दर पिढीला कोणीतरी बसून कागद केला, कोणीतरी आपला वाटा सोडला आणि शेवटी मालकी सोडली तेव्हाच वाडा राहिला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुने वाडे आहेत आणि सातबारावर किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वीस-वीस नावे आहेत. कॅव्हेंडिशांचा मार्ग आपला नव्हे. सर्व मुलांना वाटा देणारा आपला कायदा अधिक न्यायाचा आहे आणि आता तो मुलींनाही वाटा देतो. पण त्या न्यायाबरोबर वाडा कोण सांभाळणार हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर वंशावळीत सापडत नाही. ते वाटेकरी हयात असताना, एकत्र बसून, कागदावर लिहावे लागते.

हार्डविक हॉलच्या बुरुजांवर दगडात कोरलेली 'ई' आणि 'एस' ही अक्षरे आजही लांबून दिसतात. एलिझाबेथ श्रुजबरी, म्हणजे बेस. तिच्या वंशाला मिळालेल्या सनदेत तिच्या लेकींना जागा नव्हती आणि तिचा वाडाही आता घराण्याकडे नाही. अक्षरे मात्र तिने बसवली तिथेच आहेत.