‘आम्ही’ आणि ‘आपण’

‘मी कोण?’ हा प्रश्न वेदान्ताचा खरा. परंतु त्याची परीक्षा घरांतल्या साध्या सर्वनामांत होते, असें आम्हांस वाटतें. संस्कृतांत ‘वयम्’ किंवा इंग्रजींत ‘वी’ म्हटलें, तर ऐकणारा त्यांत धरला कीं वगळला, हें कळत नाहीं. मराठी मात्र हा निवाडा दर वेळीं करावयास लावते. ‘आम्ही निघालों’ यांत समोरचा नाहीं. ‘आपण निघूं या’ यांत तो आहे. गुजराती, तेलुगु व तमिळ या भाषांतही असाच भेद आहे.

‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृताच्या वाटेनें आला. ‘त्यानें आपण होऊन दिलें’ येथें त्याचा अर्थ स्वतः, ‘आपण केव्हां आलांत?’ येथें तुम्ही, आणि ‘आपण मिळून जाऊं’ येथें उभयतां. सुटा शब्द नव्हे, तर अखंड वाक्य हेंच अर्थाचें अधिष्ठान, हें भर्तृहरीचें मत पटण्यास याहून सोपें उदाहरण कोणतें? ‘स्व’ची सीमाही अशीच, ती जन्मतः आंखलेली नसून बोलतांना आंखली जाते.

नवी सून घरांत येते. ‘आमच्याकडे असें करीत नाहींत,’ हें सासूबाईंचें वाक्य चालीविषयीं दिसलें, तरी तें तिला परकी ठरवितें. ‘आपल्याकडे’ म्हटल्यानें चाल तीच राहते, पण सून घरची होते.

नवी मुंबईंत हाच प्रश्न शहराएवढा मोठा झाला आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहराच्या योजनेंत आल्या. भातशेतें व मिठागरें गेलीं. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांत पोलिसांच्या गोळीबारानें ५ जण मृत्यू पावले. पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज तेथील वृद्ध आगरी ‘आमचें गांव’ म्हणतो, तेव्हां दादर-पुण्याहून आलेल्यांची सदनिका त्यांत येत नाहीं. आणि हे ‘आमची सोसायटी’ म्हणतात, तेव्हां गांवठाण कुंपणाबाहेर राहतें. दोघेही खोटें बोलत नाहींत.

म्हणून ‘आपलें शहर’ हे शब्द उच्चारण्यास सोपे, पण निभावण्यास कठीण आहेत. ज्याच्या शेतावर आपलें घर उभें आहे, त्याचें दुःख न जाणतां ‘आपण’ म्हणणें ही नुसती वाचाळता होय. तो शब्द वापरावयाचा, तर त्यांतला दुसऱ्याचा वांटाही मानला पाहिजे.