उवेच्या पोटातली चकती
फणीत आलेली ऊ भिंगाखाली उजेडात धरली, तर तिच्या पोटाच्या मधोमध एक बारीक चकती दिसते. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात उवेचे भले मोठे चित्र छापले, तेव्हा तो ठिपका त्यांच्याही नजरेत भरला होता. ही चकती म्हणजे रिसिया नावाच्या जिवाणूंचे घर आहे.

रक्तात प्रथिने आणि लोह भरपूर, पण ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे फारच तुटपुंजी. डासाचे त्यावाचून अडत नाही, कारण त्याची अळी पाण्यातले सूक्ष्मजीव खाऊन वाढते. ऊ मात्र लिखेतून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत रक्ताशिवाय कशालाच तोंड लावत नाही. तिची ही उणीव रिसिया भरून काढतो. विशेषतः पँटोथेनिक आम्ल, म्हणजे ब-५, तो तयार करून देतो. जिवाणू काढून टाकले, तर ऊ फार काळ तग धरत नाही.

हे जिवाणू आईकडूनच मिळतात. मादी वयात आली की ते चकती सोडून अंडाशयाकडे सरकतात आणि तिथून लिखेत शिरतात. बाहेरच्या जगाशी गाठच पडत नसल्याने त्यांची बिनकामाची जनुके पिढ्यान्‌पिढ्या गळत गेली. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूच्या जनुकसंचात सुमारे ४६ लाख अक्षरे असतात. रिसियात ती पावणेसहा लाखांच्या आसपास उरली आहेत. ब-५ ची जनुके मात्र एका छोट्या, सुट्या डीएनए-कड्यावर शाबूत आहेत. इतक्या गळतीतही नेमके हेच टिकावे, यातच या सोबतीचे मर्म आहे.

माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. त्यांच्यामागोमाग उवा वेगळ्या झाल्या आणि उवांच्या पोटातले जिवाणूही. तिन्ही वंशावळी एकमेकींशी जुळतात.

आफ्रिकेत निद्रारोग पसरवणारी त्सेत्से माशीही रक्तावरच जगते; जिवाणूंशी तिची सोबत याहून कितीतरी जुनी, काही कोटी वर्षांची आहे. ही माशी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी ती पोटात दुधासारख्या स्रावावर वाढवते आणि त्या दुधातूनच विगल्सवर्थिया हे जिवाणू अळीला मिळतात. ते नसले, तर माशी वांझ होते.

रक्तावरच जगणाऱ्या ढेकणाला बायोटिन हे ‘ब’ गटातले जीवनसत्त्व पुरवतो तो वोल्बाकिया हा जिवाणू. त्यासाठी लागणारी जनुके त्याने दुसऱ्याच एका जिवाणूकडून मिळवली आहेत. इतर अनेक कीटकांत हाच वोल्बाकिया आश्रयदात्याच्या प्रजननात ढवळाढवळ करणारा परजीवी म्हणून राहतो.