घरच्या कॉम्प्युटरचा फुकट राखणदार

अंकाचं साहित्य गोळा करायचं काम माझ्याकडे असल्यामुळे सबमिशनच्या दिवसांत पेन ड्राइव्हचा ढीग माझ्या टेबलावर पडतो. काहींत कविता कमी आणि व्हायरस जास्त! मग मित्रमंडळी विचारतात, "कुठला अँटिव्हायरस घेऊ रे?" घरी विंडोज १० किंवा ११ असेल तर माझं उत्तर ठरलेलं: विकत काही घेऊ नका, आहे तोच चालू आहे का ते बघा. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस सिस्टीमबरोबरच येतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, हिरवी खूण दिसली की राखणदार जागा आहे.

दुसरा अँटिव्हायरस टाकलात तर डिफेंडर आपणहून बाजूला होतो. पण बाहेरचे दोन एकदम टाकू नका. ते एकमेकांवरच संशय घेतात आणि मशीनची बैलगाडी होते. शंका असेल तेव्हा मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती वापरावी. चाचणीचे दिवस संपले की ती फक्त सांगाल तेव्हा तपासते, कायम पहारा देत नाही.

आता पेन ड्राइव्हचा तो प्रसिद्ध रोग. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आणि घरी बघतो तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले! घाबरून फॉरमॅट मारू नका. बहुतेक वेळा फाइली जागेवरच असतात. व्हायरस खऱ्या फोल्डरांना 'लपलेली सिस्टीम फाइल' असा शिक्का मारतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. तुम्ही त्यावर क्लिक केलं की फोल्डरही उघडतो आणि व्हायरसही चालतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. आधी ड्राइव्ह डिफेंडरने तपासून घ्या. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि 'सिस्टीमच्या फाइली लपवा' ही खूण काढा. कथा परत दिसेल.

आपल्या मंडळींचा खास धोका म्हणजे मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी. तिच्याबरोबरची पहिली सूचना बहुधा 'अँटिव्हायरस बंद करा' हीच असते. चोराने कुत्रा बांधून ठेवायला सांगावं तसं हे! आणि गरज तरी काय? विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, तोही युनिकोड.

अपडेटचा कंटाळा मात्र महागात पडतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरच्या कॉम्प्युटरांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हा मशीनला झेपत असेल तर ११ वर जा, जुनं असेल तर लिनक्स टाका.

असल्या खंडणीखोरांसाठी डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' नावाची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये बदल करता येत नाही. कधी कधी ती तुमच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरलाही अडवते. त्याचं नाव परवानगीच्या यादीत घालावं लागतं. शिवाय आजोबांच्या टाइप केलेल्या आठवणी किंवा घरातले जुने फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात.