सी म्हणजे शंभर की कार्बन?

जुन्नर तालुक्यात माळशेज घाटाच्या वाटेवर मढ नावाचं गाव आहे. दिवाळीत तिथे बहिणीकडे गेलो होतो. आठवीतली भाची रडवेली होऊन वही घेऊन आली. कोबाल्टची संज्ञा तिने सी आणि ओ अशी दोन्ही अक्षरं मोठी काढून लिहिली होती. गुण गेला होता. ‘‘मामा, रोमन अंकांत सी म्हणजे शंभर, विज्ञानात कार्बन. माझा गोंधळच होतो. मी ढ आहे!’’

मंडळी, गोंधळ तिचा एकटीचा नाही. रोमन आय म्हणजे एक, रसायनशास्त्रात तेच अक्षर आयोडीन. रोमन व्ही म्हणजे पाच, इकडे व्हॅनेडियम. दोन्ही शेजारी आले की रोमन आकड्यांत चार होतात. दवाखान्यात सलाईन लावताना मात्र आय.व्ही. म्हणजे शिरेतून.

मग ओळखायचं कसं? प्रत्येक पद्धतीचे नियम वेगळे असतात. रोमन आकड्यांत जागा बघायची. एक्सनंतर आय आला तर अकरा, आधी आला तर नऊ. रसायनशास्त्रात अक्षराचा आकार बघायचा. बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1813-14च्या सुमारास मूलद्रव्यांना लॅटिन नावांची आद्याक्षरं दिली. पहिलं अक्षर मोठं आणि दुसरं असलंच तर लहान, ही आजची रीत. मोठा सी आणि लहान ओ म्हणजे कोबाल्ट, ब जीवनसत्त्वाच्या एका प्रकारात असणारा धातू. दोन्ही मोठे म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणाऱ्याचा जीव घेणारा, वास नसलेला वायू तो हाच. एका अक्षराच्या आकारात एवढं अंतर आहे.

गंमत म्हणजे दोन्ही पद्धती एकाच नावात नांदतात. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी लागणारं मोरचूद घ्या. त्याचं शास्त्रीय नाव कॉपर सल्फेट, आणि कॉपरपुढे कंसात रोमन दोन. हे दोन म्हणजे तांब्याचे दोन अणू नव्हेत, तर तांब्याचा ऑक्सिडीकरण अंक. आल्फ्रेड स्टॉक या जर्मन शास्त्रज्ञाने 1919 साली ही पद्धत सुचवली.

भाचीला म्हटलं, आपल्या तालुक्यातल्या नाणेघाटात चल. तिथल्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेत. शून्य नाही. दहाला, शंभराला, हजाराला स्वतंत्र चिन्हं. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलेलं. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा अभ्यास केला. आणि अशोककालीन ब्राह्मीत तर फुलीसारखं चिन्ह म्हणजे ‘क’ अक्षर, आणि चाराचा आकडाही तसाच! वाचणारा आजूबाजूचे शब्द बघूनच ठरवणार.

माणसासारखीच अक्षराचीही ओळख संगतीवरून पटते. समोर चिन्ह आलं की आधी विचारावं, आपण कुठल्या घरात उभे आहोत?

‘‘आणि ढ?’’ भाचीने विचारलं.

ब्राह्मीपासून आजवर फारसं न बदललेलं अक्षर ते, म्हणून न शिकणाऱ्याला ढ म्हणतात, असं सांगितलं जातं. ‘‘तू तर आज शिकलीस,’’ मी म्हणालो. ‘‘आणि आपल्या मढमध्येही ढ आहेच की!’’

ती हसली. मग तिने वहीतला ओ खोडून लहान काढला.