धूपवेदी: पडद्याच्या अलीकडे की पलीकडे?

या आठवड्यात दीपवृक्षावर लिहायचे ठरले होते, पण ते पुढच्या आठवड्यावर गेले आहे. उदगीरहून आलेल्या एका पत्रातला प्रश्न मागे ठेवून पुढे जाणे मला बरे वाटेना. पत्रलेखकाने समर्पित भाकरींवरचा लेख वाचून निवासमंडपाचा नकाशा कागदावर काढला, एकेक वस्तू जागेवर मांडली आणि धूपवेदीपाशी येऊन ते अडले. निर्गमाचा तिसावा अध्याय ही वेदी अंतरपटासमोर, म्हणजे बाहेरच्या पवित्रस्थानात ठेवायला सांगतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा नववा अध्याय मात्र पहिल्या खोलीत दीपवृक्ष, मेज आणि भाकरी एवढेच मांडतो, आणि सोन्याची धूपवेदी पडद्यामागच्या परमपवित्रस्थानाच्या यादीत, कोशाच्याही आधी घेतो. मग वेदी अलीकडे होती की पलीकडे? प्रवचनांत या प्रश्नाला बहुधा बगल दिली जाते. माझे म्हणणे असे की धूपवेदीचा ख्रिस्ती अर्थ याच अडचणीतून उलगडतो. अडचण झाकली तर तो अर्थही झाकला जातो.

पहिले सोपे उत्तर असे की इब्रीच्या लेखकाची चूक झाली. ते पटण्याजोगे नाही. त्याच अध्यायात, दोनच वचने पुढे, तो लिहितो की याजक पहिल्या खोलीत नित्य जातात आणि दुसऱ्या खोलीत फक्त प्रमुख याजक, वर्षातून एकदा, रक्त घेऊन जातो. धूप तर रोज सकाळी आणि संध्याकाळी जाळायचा असे. वर्षातून एकदा उघडणाऱ्या खोलीत रोजचा धूप जळू शकत नाही, हे त्याला कळत नव्हते असे मानणे अवघड आहे. दुसरे सोपे उत्तर म्हणजे त्याने वेदी म्हटलेच नाही, धुपाटणे म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जाई हे खरे; परंतु धुपाटणे घेतले तर निवासमंडपातली सोन्याने मढवलेली एक मुख्य वस्तू यादीतून साफ गायब होते, आणि धुपाटणे आतल्या खोलीत ठेवून देण्याची आज्ञा निर्गमात कुठेच नाही. काही अभ्यासक व्याकरणाचा आधार घेतात: पहिल्या खोलीबद्दल लेखक ‘जिच्यात’ म्हणतो, दुसरीबद्दल ‘जिच्याकडे’ या अर्थाची रचना करतो, म्हणजे वेदी आतल्या खोलीची आहे, पण आत आहेच असे नाही. वाट योग्य दिशेची आहे. पण सगळा भार या एका रचनेवर टाकता येत नाही, कारण त्याच रचनेत कोशही येतो, आणि कोश तर निःसंशय आत होता.

खरा पुरावा जुन्या करारातच आहे. निर्गम ३०:६ पुन्हा सावकाश वाचावे. वेदीची जागा तिथे पडद्यावरून सांगायला सुरुवात होते, पण वाक्य पडद्याशी थांबत नाही. ते आत शिरते, साक्षपटाच्या कोशापर्यंत जाते, कोशावरच्या दयासनापर्यंत जाते. दीपवृक्ष आणि मेज एकमेकांच्या समोर, दक्षिणेला आणि उत्तरेला. वेदीचे माप मात्र आतल्या वस्तूवरून घेतलेले आहे. चाळिसाव्या अध्यायात, प्रत्यक्ष मांडणीच्या आज्ञेत, ‘कोशासमोर’ एवढेच म्हटले आहे आणि पुढच्या शब्दांत येणारा पडदा निवासमंडपाच्या दाराचा आहे, अंतरपट नव्हे. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचे रक्त याच वेदीच्या शिंगांना लावायचे आणि तिला परमपवित्र म्हणायचे, हेही त्याच तिसाव्या अध्यायात आहे. शलमोनाच्या मंदिराचे वर्णन करताना १ राजे ६:२२ तर सरळच तिला आतल्या गाभाऱ्याची वेदी म्हणते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या शेवटास लिहिलेल्या ‘बारूखचे प्रकटीकरण’ या यहुदी ग्रंथात देवदूत परमपवित्रस्थानातून ज्या वस्तू उचलतो, त्यांतही धूपवेदी आहे. म्हणजे इब्रीचा लेखक नवे काही बोलत नव्हता.

मातीतून निघालेला पुरावाही याच बाजूचा आहे. इस्राएलच्या दक्षिणेकडील तेल अराद येथे योहानान अहारोनी यांनी १९६० च्या दशकात यहूदाच्या राजवटीतले एक छोटे देवस्थान उकरून काढले. त्याच्या गाभाऱ्याच्या प्रवेशापाशी चुनखडीच्या दोन धूपवेद्या सापडल्या, एक मोठी आणि एक लहान. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत मोठीवर ऊद आढळला, लहानीवर गांजा. गांजाचीच चर्चा जगभर झाली. मला त्या वेद्यांची जागा जास्त महत्त्वाची वाटते. त्या उंबरठ्यावर होत्या. निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या देवळात मंडप आणि गाभारा यांच्यामध्ये अंतराळ आहे. तिथे तेवणाऱ्या समईचा उजेड मंडपाचा की गाभाऱ्याचा असे कोणी विचारले, तर गाभाऱ्याचा असेच उत्तर मिळेल. धूपवेदीचे तसेच आहे. ती उभी एका खोलीत, कामाला दुसऱ्या खोलीच्या.

ते काम कोणते हे लेवीय १६ सांगते. प्रायश्चित्ताच्या दिवशी अहरोनाने परमेश्वरासमोरच्या वेदीवरचे निखारे धुपाटणे भरून घ्यायचे, बारीक कुटलेला धूप दोन्ही मुठी भरून घ्यायचा आणि पडद्याच्या आत न्यायचा. धुराच्या ढगाने दयासन झाकले जावे, म्हणजे तो मरणार नाही. ज्या पडद्यापलीकडे माणूस मरणाच्या भीतीने पाऊल टाकतो, तिथे धूर त्याच्यासोबत जातो आणि त्याला वाचवतो. बाकी सारे सामान आपापल्या खोलीत बसून असते. दीपवृक्षाचा प्रकाश पवित्रस्थानातच राहतो, भाकरी मेजावरून याजकांच्या हाती जाते. पडदा ओलांडण्यासाठीच घडवलेली गोष्ट म्हणजे धूप. इब्रीचा लेखक सातव्या अध्यायात ज्या ख्रिस्ताबद्दल म्हणतो की तो आपल्यासाठी मध्यस्थी करायला सर्वदा जिवंत आहे, आणि नवव्या अध्यायात ज्याला तो देवासमोर उभा करतो, त्याचे चित्र काढायला त्याला ही वेदी आतच मोजावी लागली.

इथे निखारा विसरता कामा नये. धूप आपण होऊन सुगंध देत नाही. किनवट-माहूरच्या जंगलातला सालई हा अरबस्तानातल्या उदाच्या झाडाच्याच जातकुळीतला. त्याच्या सालीला जखम झाली की डिंक पाझरतो, वाळून खडा होतो, आणि विस्तव मिळाला तरच दरवळतो. निवासमंडपात हा विस्तव कुठलाही चालत नसे. नादाब आणि अबीहू यांनी परका अग्नी आणला आणि ते मेले, हे लेवीय १० मध्ये आहे. दुसऱ्या मंदिराच्या काळातल्या रोजच्या सेवेचे वर्णन मिश्ना या यहुदी ग्रंथात आहे. त्यानुसार धुपाचे निखारे अंगणातल्या होमवेदीवरून, जिथे कोकरू जळत असे, तिथूनच येत. बलिदानाच्या विस्तवाशिवाय मध्यस्थीचा धूर उठत नाही. ख्रिस्ताची मध्यस्थी क्रूसावरच्या मरणापासून वेगळी काढून सांगणाऱ्यांना या व्यवस्थेत आधार मिळणार नाही.

हा सगळा ख्रिस्ती अर्थ यहुदी वस्तूवर बाहेरून लादलेला नाही का, असा आक्षेप रास्तच आहे. धूप म्हणजे प्रार्थना ही जोड मात्र ख्रिस्ती लोकांनी लावलेली नाही. स्तोत्र १४१ मध्ये प्रार्थना धुपासारखी पुढे यावी असे मागणे आहे. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या आत धूप जाळत असताना बाहेर सारा समुदाय प्रार्थना करतो. तो रिवाज लूकने घडवलेला नाही, त्याने तो फक्त नोंदवला आहे. इसवी सन ७० मध्ये मंदिर पडल्यावर काय टिकले तेही पाहावे. पुण्यात १८६७ साली पूर्ण झालेले यहुद्यांचे लाल देऊळ घ्या किंवा कोकणातले बेने इस्राएलांचे कुठलेही सभागृह: कोशाची आठवण तोराच्या कपाटात आहे, अंतरपटाची त्यावरच्या पडद्यात, दीपवृक्षाची अखंड दिव्यात. धूपवेदीसाठी मात्र तिथे मांडलेली वस्तू नाही. तिच्या जागी प्रार्थना आहे. प्रकटीकरणाच्या पाचव्या आणि आठव्या अध्यायांत पवित्र जनांच्या प्रार्थना सोन्याच्या वाट्यांतून आणि वेदीवरून धुरासोबत वर जातात, ते याच समजुतीवर.

याउलट वेदीच्या चार शिंगांत चार शुभवर्तमाने पाहणे, किंवा दांडे घालायच्या कड्यांत दोन करार शोधणे मला मान्य नाही. पवित्र शास्त्र ज्या वस्तूला स्वतः हलवते, आतबाहेर करते, तिच्यामागे जावे. कडी ही उचलून नेण्यासाठीच होती. निर्गमात ही वेदी इतर सामानाच्या यादीत न येता पाच अध्याय उशिरा येते, म्हणून ती नंतरची भर असावी, असे वेलहाउझेन यांच्यापासून अनेक संशोधक मानतात. शोमरोनी पंचग्रंथात तर तो भाग उचलून सव्विसाव्या अध्यायात बसवलेला आहे. भर असली तरी माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही. ज्याने ती आज आहे तिथे ठेवली, त्याने आधी याजकाची वस्त्रे, मग त्याचा अभिषेक, मग रोजचे कोकरू आणि त्यानंतर धूपवेदी असा क्रम ठेवला. याजक आणि बळी नसताना या वेदीला काही अर्थच नाही, हे त्या क्रमातच दिसते.

मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे येशूने तिसऱ्या प्रहरी प्राण सोडला आणि मंदिराचा पडदा वरून खालपर्यंत फाटला. संध्याकाळच्या अर्पणाची वेळ साधारण तीच. पडदाच उरला नाही तर अलीकडे आणि पलीकडे हा भेद वेदीपुरता संपतो, आणि इब्रीचा लेखक त्यानंतरच्या काळात लिहितो आहे, हे उदगीरच्या वाचकांनी आपल्या नकाशाच्या कडेला टिपून ठेवावे. इब्रीच्या नवव्या अध्यायाच्या ज्या चौथ्या वचनात ही वेदी येते, त्यातच आणखी एक गाठ आहे: मान्न्याचे भांडे आणि अहरोनाची काठी तिथे कोशाच्या आत आहेत, तर १ राजे ८:९ म्हणते की कोशात दोन दगडी पाट्यांखेरीज काहीच नव्हते. ती कोशावरच्या लेखात सोडवू, त्याआधी दीपवृक्ष.