आधी खोली, मग माईक, शेवटी कात्री

नॉर्वेच्या रेडिओसाठी 1966 साली बर्लिनच्या नॉयमान कंपनीने ट्रान्झिस्टरवर चालणारा एक छोटा माईक तयार केला. त्याचं नाव केएम 84. या माईकला वीज लागायची आणि ती आवाज नेणाऱ्या केबलमधूनच मिळावी, अशी रेडिओवाल्यांची अट होती. त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी 48 व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती. तीच माईकला दिली गेली आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला. आज पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये ऑडिओबुक वाचायला बसलेली निवेदिका माईक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसवरचं 'फॅन्टम पॉवर'चं बटण दाबते, तेव्हा तिच्या माईकलाही 48 व्होल्टच मिळतात.

ही वीज लागते ती कंडेन्सर माईकला. त्यात धातूचा मुलामा दिलेला, काही मायक्रॉन जाडीचा पडदा एका धातूच्या तबकडीसमोर ताणून बसवलेला असतो. आवाजाने पडदा हलला की दोघांतलं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युतधारिता बदलते आणि त्यातून संकेत तयार होतो. पडदा इतका हलका असल्यामुळे ओठ विलग होतानाचा चिकट आवाजही त्यातून सुटत नाही. नॉयमानचा यू 87 हा या जातीचा सर्वांत नावाजलेला माईक. 1949च्या यू 47 आणि 1960च्या यू 67 या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या माईकांच्या मागोमाग तो 1967 साली ट्रान्झिस्टर घेऊन आला. 1986मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि ती अजूनही बनते. व्हॉइस ओव्हरच्या धंद्यात 'स्टुडिओचा आवाज' म्हटलं की अनेकांच्या कानात याच माईकचा आवाज असतो.

म्हणूनच नवा माणूस पैसे साठवून आधी तोच किंवा त्याची स्वस्त नक्कल विकत घेतो. घरी आणून लावतो आणि हेडफोनमध्ये पंखा, फ्रिज, लिफ्ट, खालच्या रिक्षा आणि शेजारचा कुकर ऐकत बसतो. माईकमध्ये काही खोट नसते. ज्या खोलीसाठी तो बनला, ती खोली घरात नसते, इतकंच.

दुसरी जात डायनॅमिक माईकची. यात पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलतं. वेटोळ्याचं वजन पडद्याला पेलावं लागतं, त्यामुळे त्याला हलवायला जोर लागतो. शुअर कंपनीचा एसएम 7बी हा यातला आजचा लाडका. त्याच्या पूर्वजावर, एसएम 7वर, मायकल जॅक्सनचा 1982चा 'थ्रिलर' अल्बम गायला गेला. एकाच पातळीच्या आवाजाला आजचा यू 87 साधारण 28 मिलिव्होल्ट देतो, तर एसएम 7बी सव्वा मिलिव्होल्टहूनही कमी. म्हणजे जवळपास 25 पट फरक. म्हणून एसएम 7बीला इंटरफेसकडून 60 डेसिबलच्या आसपास वाढ घ्यावी लागते, आणि स्वस्त इंटरफेस तेवढं ताणलं की स्वतःच खसखसू लागतो. ही तक्रार इतकी जुनी आणि सार्वत्रिक होती, की 2023 साली कंपनीने आतच प्रवर्धक बसवलेली आवृत्ती बाजारात आणली.

डायनॅमिक माईक खोली कमी ऐकतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा. खरं काम अंतर करतं. तोंडापासून माईकचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. एसएम 7बी तोंडाजवळ, चार बोटांवर धरायची पद्धत आहे, म्हणून त्यात भिंती कमी येतात. यू 87 सहसा एक वीत किंवा त्याहून लांब ठेवतात, म्हणून त्याला चांगली खोली लागते. पण जवळ जाण्याचीही किंमत असते. एका दिशेने ऐकणारा जवळपास प्रत्येक माईक जवळून खर्जाचे स्वर फुगवतो. एखाद्या आवाजाला त्याने वजन येतं, तर आधीच जड असलेला आवाज घोगरा होऊन बसतो.

तिसरा पर्याय मूळचा चित्रपटांच्या सेटवरचा: सेन्हायझरचा एमकेएच 416, लांब नळीचा शॉटगन माईक. अमेरिकेतल्या ट्रेलर आणि जाहिरातींच्या निवेदकांनी तो स्टुडिओत आणला. समोरचा आवाज तो धारदार पकडतो, पण बोडक्या भिंतींच्या छोट्या खोलीत परावर्तनं नळीत शिरून आवाज पोकळ होतो. मुंबईकरांना आणि कोकणातल्यांना उपयोगी पडेल असा त्याचा एक गुण आहे. साध्या कंडेन्सरमध्ये दमटपणा शिरला की विद्युतभार झिरपतो आणि आवाजात चटचट येते. 416 रेडिओ-फ्रिक्वेन्सीच्या वेगळ्या तत्त्वावर चालतो, त्यामुळे पावसाळी हवेत तो सहसा कुरकुरत नाही. इतर कंडेन्सर जुलै-ऑगस्टमध्ये सिलिका जेलची पुडी घातलेल्या डब्यात ठेवावेत.

माईकबद्दलचे बहुतेक सल्ले इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. इंग्रजीतला शब्दारंभीचा 'प' हवेचा झोत घेऊन येतो, म्हणून तिथे सगळा इशारा 'प'चा. मराठी 'प' त्या मानाने कोरडा. आपल्याकडे माईकवर धप्पकन आदळतात ते 'भ' आणि ओठ मिटून म्हटलेला 'फ'. भाऊ, भाकरी, फळा, फुंकर. पॉप फिल्टर हवाच, पण त्याहून गुणकारी उपाय म्हणजे माईक तोंडासमोरून थोडा बाजूला घेणं. झोत सरळ निघून जातो आणि आवाज माईकपर्यंत पोचतो. सकारांचंही तसंच. 'स', 'श' यांच्या जोडीला आपल्याकडे 'चमचा'तला दंत्य 'च' आणि 'साजरा'तला दंत्य 'ज' आहे. यू 87च्या नकलांपैकी अनेकांचा वरचा पट्टा उगाच चढवलेला असतो. त्यांवर हे वर्ण करवतीसारखे कापतात. खरेदीआधी चाचणीचा मजकूर मराठीच वाचावा, तो याचसाठी.

मग येते कात्री, म्हणजे संपादन. टेपच्या काळात कापणं खरोखरचं होतं. रीळ हाताने पुढे-मागे फिरवून शब्दाची सुरुवात कानाने शोधायची, ग्रीस पेन्सिलने खूण करायची, खाचेच्या ठोकळ्यात टेप बसवून ब्लेडने कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. भाषणासाठी टेप बऱ्याचदा सेकंदाला 19 सेंटिमीटर धावे, म्हणजे पाव सेकंदाचा श्वास पावणेपाच सेंटिमीटरचा. काप सरळ नसे, 45 अंशांत तिरका असे. पाव इंची टेपवर त्या तिरकसपणामुळे एक आवाज मावळून दुसरा उगवायला सुमारे 33 मिलिसेकंद मिळत, म्हणून जोड ऐकू येत नसे. आज संगणकावर दोन तुकडे जोडताना जो छोटा क्रॉसफेड देतात, तो हेच काम करतो.

साधनं स्वस्त झाली, तशी चुकांचीही सोय झाली. सर्वांत लोकप्रिय चूक म्हणजे सगळे श्वास उडवणं. श्वास नसलेलं निवेदन ऐकताना श्रोत्याचाच जीव गुदमरतो. मुरलेला संपादक श्वास ठेवतो, फक्त 6 ते 10 डेसिबलने खाली बसवतो आणि वाक्याच्या मधोमध आलेले दचके काढतो. काढलेल्या जागी पूर्ण शांतता ठेवली तरी फसगत होते, कारण खोलीला स्वतःचा एक हलका आवाज असतो आणि तो अचानक तुटलेला कानाला कळतो. म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला कोणी न बोलता अर्धा मिनिट 'रूम टोन' मुद्रित करून ठेवतात आणि भोकं त्याने बुजवतात.

ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या नॉइज गेटचा धोका मराठीला जास्त आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, तिथे निवेदकाचा श्वास संपत आलेला असतो. 'होतं', 'गेलं', 'नव्हतं' यांची शेपटं हळू असतात. गेट ती गोंगाट समजून छाटतो आणि वाक्याचा अर्थ जिथे ठरतो, तीच जागा अर्धवट उरते. गोंगाट कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरचा डोस जास्त झाला तरी हीच टोकं पाण्याखालून आल्यासारखी येतात.

शेवटचे आकडे ठरलेले असतात. ऑडिओबुकसाठीच्या एसीएक्स या मंचाला सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबलच्या दरम्यान, शिखरं उणे 3च्या खाली आणि शांततेतला गोंगाट उणे 60 किंवा त्याहून कमी लागतो. पहिल्या दोन अटी कॉम्प्रेसर आणि लिमिटरने पुऱ्या होतात. तिसरी खोलीत जिंकावी लागते, कारण आवाज वर उचलला की त्याच्यासोबत पंखाही वर येतो. तसंच घुमणं आणि मुद्रणातच फाटलेला आवाज या दोन दोषांवर कात्री फारशी चालत नाही. थोडी मलमपट्टी होते, इतकंच.

तेव्हा माईक निवडायचा, तर आधी खोलीत जाड पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांची सोय करावी. मग दोन-तीन माईक भाड्याने आणून त्याच खुर्चीत, त्याच वेळी, तोच परिच्छेद वाचावा. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, म्हणून सगळ्या मुद्रणांची पातळी एक करावी आणि नावं झाकून दुसऱ्या दिवशी ऐकावं. प्रत्येकाचं एक पान पूर्ण संपादित करून घड्याळ बघावं. ज्याला सर्वांत कमी वेळ लागला, तो त्या आवाजाचा आणि त्या खोलीचा माईक. तो स्वस्तातला निघाला, तर उरलेल्या पैशांत आणखी पडदे घ्यावेत.