शून्य तफावतीची भानगड

बँकेच्या बॅक ऑफिसात संध्याकाळी सगळ्यांना एकच आकडा बघायचा असतो, शून्य. बाहेरून आलेली सेटलमेंटची फाइल आणि आपल्या खात्यांची फाइल समोरासमोर ठेवायची, ओळीओळीने रकमा वजा करायच्या, तफावत शून्य आली की डबे-पिशव्या उचलायच्या. याला आमच्यात ‘रेको’ म्हणतात. वजाबाकी काय, दुसरीतलं पोरही करतं. पण फाइलमधली रक्कम यंत्राला रक्कम म्हणून कळली का, हे कोणी विचारत नाही.

एका ठिकाणी तफावत रोज शून्य यायची. साहेब खूश. फाइलमधले रकाने उभ्या रेघेने वेगळे केलेले, वजाबाकीला ‘ऑक’ या प्रोग्रामिंग भाषेतली चिमुकली स्क्रिप्ट. एकदा हिशेब विभागातल्या एका जुन्या बाईंनी दोन्ही रिपोर्टांच्या तळाच्या बेरजा बघितल्या आणि विचारलं, “ओळीओळीत फरक नाही, मग बेरजेत कुठून आला?”

शोधताना एक ओळ सापडली. एकीकडे 1,50,000, दुसरीकडे 1,25,000 आणि तफावत 0! रिपोर्ट वाचायला सोपा जावा म्हणून कोणीतरी रकमांत स्वल्पविराम घालून घेतले होते. ऑक सुरुवातीपासून जेवढा आकडा जमतो तेवढा उचलतो, स्वल्पविरामाशी थांबतो आणि पुढचं मुकाट्याने टाकून देतो. त्याच्या लेखी दोन्ही रकमा 1. हजाराच्या आतल्या रकमांना स्वल्पविरामच नसतो, त्यामुळे त्यांची वजाबाकी बिनचूक व्हायची. नमुना तपासणीला नेमक्या त्याच निवडल्या जायच्या.

ऑक हे 1977 मधलं बेल लॅब्जचं अपत्य. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याचं बारसं झालं. समोर अक्षरं आहेत की आकडे, हे आधी सांगावं लागत नाही, म्हणून तो हाताला सोपा. हिशेबात तोच सोपेपणा अंगाशी येतो. हिशेबनीस उणे रक्कम कंसात लिहितात. ऑकला (500) दिलं की तो 0 धरतो.

दुसरा किस्सा त्याच ऑफिसातल्या एका हुशार पोराचा. त्याने दोन फाइलींचे रकाने ‘पेस्ट’ या आज्ञेने शेजारी-शेजारी जोडले, मध्ये दुभाजक म्हणून वजाचं चिन्ह घातलं. ओळी तयार झाल्या 500-300 अशा. त्या तशाच ‘बीसी’ या गणकाकडे सोडल्या. दशांशही अचूक, कौतुक झालं. मग एक परतावा आला, रक्कम -300. ओळ झाली 500--300. बीसीला जोडीने आलेले दोन वजा म्हणजे निराळीच खूण. त्याने त्या ओळीचं उत्तरच दिलं नाही. तक्रार गेली कोणी न उघडणाऱ्या लॉगमध्ये, आणि उत्तरांच्या यादीत एक ओळ कमी पडली. तिथून खालची प्रत्येक तफावत एक घर वर सरकली. एका दुकानदाराची तूट दुसऱ्याच्या नावावर! दुपारभर फोन खणखणत राहिले.

आता तिथे रक्कम पैशांत, पूर्णांकात येते. स्वल्पविराम आधीच काढले जातात, अंक आणि उणे चिन्ह सोडून काही दिसलं तर ओळ अडवली जाते, आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या ओळी मोजल्या जातात. आणि बाईंच्या सांगण्यावरून स्क्रिप्ट सुरुवातीलाच दोन्ही फाइलींच्या बेरजा छापते. वजाबाकी त्यानंतर.